पलीकडच्या माईचा इकडचा आवाज

आमच्या वहिनीशी भाजीवाल्या कधी हुज्जत घालत नसत. मला याचा राग यायचा, कारण मी गेलो की त्याच बाया हमरीतुमरीवर यायच्या. वहिनी नुसतं "ताजी आहे का गं?" म्हणायची, आणि समोरची बाई तराजू खाली ठेवून म्हणायची, "परत एकदा बोला ना." वहिनी लाजून परत बोलायची. मग पिशवीत कोथिंबीर जास्तीची पडायची. मी मागे पिशव्या धरून उभा, हमाल.

कारण तो आवाज माईचा होता. माई म्हणजे नदीपलीकडच्या देशातून येणाऱ्या मालिकेतली आई. मोठं घर, चार मुलगे, रोज एक भांडण, आणि माई कधी आवाज न चढवता ते मिटवणार. पलीकडच्यांनी ही मालिका आमच्या वाहिनीला फुकट दिली होती. फक्त आपल्या भाषेतले आवाज आपण घालायचे. ते काम आमच्या स्टुडिओत चालायचं. स्टुडिओ म्हणजे काय, काचेने दुभागलेली एक खोली. काचेच्या अलीकडे यंत्रांपुढे मी, पलीकडे माइकसमोर कलाकार. पहिल्याच दिवशी माईसाठी ठरलेली बाई उगवली नाही. वहिनी माझा डबा द्यायला आली होती. मी म्हटलं, "वहिनी, जरा दोन वाक्यं बोल." त्या दोन वाक्यांची अकरा वर्षं झाली.

आमच्या देशात पंतप्रधानांचं नाव विचारलं तर लोक डोकं खाजवतील, पण माईची धाकटी सून कोणत्या गावची ते कोणीही झोपेतून उठून सांगेल. मालिकेच्या मागोमाग पलीकडच्यांचा दवाखाना आला, वाचनालय आलं, मुलांना तिकडे शिकायला शिष्यवृत्त्या आल्या. सगळं फुकट, आणि फुकट ते पौष्टिक. मी कुरकुर करायचो, "वहिनी, कोणी उगाच देत नसतं." ती म्हणायची, "भावोजी, तुम्हाला कोणी दूध दिलं तरी तुम्ही आधी त्यात पाणी किती ते बघणार." दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, शाळेची बस चालवतो. तो दिवसभर पोरांचा गोंगाट ऐकून येतो, त्यामुळे घरी सहसा बोलत नाही. तो नुसता हसायचा.

त्या दोघांची एकुलती एक मुलगी सीमा दलात. लहानपणापासून सगळ्यांना दटावायची म्हणून मी तिला फौजदार म्हणतो. तिची नेमणूक नदीवरच्या पुलावर. आमचं सैन्य एवढुसं, पुलावर मूठभर पोरं आणि एक अडसर. तो अडसर वर करायचा आणि खाली करायचा. येणाऱ्याजाणाऱ्या बायकांच्या सायकली त्याखालून काढून द्यायच्या, हे खरं तर तिचं मुख्य काम.

एवढ्याशा सैन्यावर आम्ही इतकी वर्षं निवांत कसे राहिलो? तर आमच्या एका अंगाला नदीपलीकडचे आणि दुसऱ्या अंगाला डोंगरवाले, आणि त्या दोघांचं पिढ्यान्‌पिढ्या वाकडं. आमच्या हद्दीत एकाने पाऊल टाकलं की दुसरा डोळे वटारणार. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. आमचं संरक्षण खातं म्हणजे ही म्हण.

मग एके दिवशी त्या दोघांनी करार केला. टीव्हीवर हस्तांदोलन, मिठ्या, एकमेकांवर संकट आलं तर धावून जाण्याच्या शपथा. चहाच्या टपरीवर लोक खूश. चला, कटकट मिटली. घरी दादाने पहिल्यांदाच बातम्यांवर तोंड उघडलं. "दोघांची गट्टी झाली की तिसऱ्याचं काय होतं," तो म्हणाला, "ते काही म्हणीत नाही."

ते लवकरच कळलं. दोन्ही देशांच्या सैन्याचं मैत्रीसंचलन रविवारी आमच्या पुलावरून येऊन शहरात मुक्काम करणार असं पलीकडून जाहीर झालं. आमच्या सरकारला कोणी विचारलं होतं म्हणाल, तर सरकार मूग गिळून गप्प. हो म्हणावं तर घर गेलं, नाही म्हणावं तर दोघांशी वैर. नदीच्या खालच्या अंगाला आमच्याहून छोटा एक देश आहे. तिथे असंच मैत्रीसंचलन गेलं होतं. ते अजून परत आलेलं नाही. त्यांच्या शाळांमधून राहतं म्हणे.

आता स्टुडिओतली एक रीत सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला. आवाज देताना गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत कोणी ऐकत नाही. माईची वाक्यं सगळी एकदम, मग मुलांची एकदम, मी नंतर जोडतो. आणि सगळं झालं की काही सुटी वाक्यं घ्यायची, पडद्यावर चित्र नसताना. कुठे काही कमी पडलं तर ठिगळ लावायला. वहिनीची आणखी एक खोड. ती कागद आधी वाचत नसे. "आधी वाचलं की शिळं होतं," म्हणायची. माइकसमोर उभी राहून ती वाक्य पहिल्यांदा बघायची आणि तिथल्या तिथे जिवंत करायची. तिची कला ती हीच.

त्या आठवड्यात सुटी वाक्यं जरा जास्त होती. "या लेकरांनो." "दार लावून घेऊ नका, आपलीच मुलं आहेत ती." "रविवारी सकाळी सगळे पुलावर या." "अडसर उचला, पाहुण्यांना ताटकळत ठेवू नका." वहिनीने एकेक वाक्य असं म्हटलं की माझ्यासारख्या खडूस माणसालाही उठून दार उघडावंसं वाटलं. संचलनाची घोषणा तोवर झाली नव्हती, त्यामुळे मला वाटलं, पुढच्या भागात पुलावर जत्राबित्रा असेल. स्टुडिओचा मालक म्हणाला, "हो, तसंच काहीतरी आहे." मी आवाज साफ करून पाठवून दिला.

दोन दिवसांनी आम्ही जेवायला बसलो होतो. टीव्हीवर मालिका थांबली आणि माईचा हसरा चेहरा आला, मागे आमचा पूल. आणि वहिनीचा आवाज तिची सगळी सुटी वाक्यं एकामागोमाग एक बोलून गेला. दादाचा घास हातातच राहिला. वहिनी म्हणाली, "हे मी कधी बोलले?" मग तिचं तिलाच आठवलं, आणि ती ताटावरून उठली.

तेवढ्यात फौजदारचा फोन. दादाने नेहमीप्रमाणे सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. "आई, इथे पलीकडच्या काठावर गाड्या फिरतायत, कर्णे लावून. सगळ्यांवर तू बोलतेयस." तिचा आवाज शांत होता, आणि त्याचीच मला भीती वाटली. "आम्हाला हुकूम आहे, आपल्या लोकांवर हात उचलायचा नाही. आणि दुसरा हुकूम आहे, अडसर सोडायचा नाही. रविवारी नदीकाठची सगळी वस्ती तो उचलायला आली तर दोन्ही कसं पाळू? एवढं सांग मला." वहिनीने फोन जवळ ओढला. पोरगी म्हणाली, "आता आमचे फोन जमा करून घेणार आहेत. ठेवते."

केसाने गळा कापणं म्हणतात ते मी तोवर नुसतं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मालकाकडे गेलो. वहिनीने हात जोडून सांगितलं, "मला एकदाच वाहिनीवर बोलू द्या. ते मी समजून बोलले नाही, एवढंच सांगते." मालक वाईट माणूस नव्हता. त्याचं सगळं दुकान त्या एका मालिकेवर चालायचं. तो म्हणाला, "ताई, आवाज तुमचा असेल, पण माई त्यांची आहे." त्यावर मी त्याला जे बोललो ते छापण्यासारखं नाही. नोकरी तिथेच गेली. वहिनीने मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि म्हणाली, "चला, नदीवर जाऊ. दारोदार सांगू."

नदीकाठची वस्ती दाट. एकाच्या खिडकीतून दुसऱ्याचं स्वयंपाकघर दिसतं, आणि प्रत्येक स्वयंपाकघरात टीव्ही. पहिलंच दार वाजवलं, वहिनी बोलली, आणि घरातून आनंदाची आरोळी उठली. "अगं, माई आल्या!" खुर्ची आली, पाणी आलं, शेजारणी जमल्या. वहिनी जीव तोडून सांगत होती. "रविवारी येऊ नका. ते आले की परत जात नाहीत. पुलावर माझी मुलगी आहे हो." आणि त्या बाया तिच्याकडे बघत होत्या, डोळे पाणावलेले. मला वाटलं, पटलं. तर एकजण दुसरीला म्हणाली, "किती गोड बोलतात ना? अगदी तश्शाच."

दारामागून दार हेच. एक म्हातारी तर ऐकेचना. "माईने बोलावलंय, जायला नको?"

"आजी, मीच ती. बोलावणं मी केलं, आता मीच नको म्हणतेय."

"तुम्ही नुसता आवाज दिलात हो," म्हातारी समजुतीने म्हणाली. "बोलावलं माईने."

वहिनी जिन्यावर बसली. अकरा वर्षांत मी तिला थकलेली पाहिली होती, अशी पाहिली नव्हती. मला रागाने रडू आलं, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, "घरी चल. दगडावर डोकं आपटण्यात काय अर्थ आहे?" ती म्हणाली, "पुलावर तुमची पुतणी आहे. उठा." आणि पुढचं दार वाजवलं.

संध्याकाळपर्यंत तिचा आवाज फाटला. दादा बस सोडून गरम पाण्याचा थर्मास घेऊन आला. शनिवारी सकाळी घशातून नुसता खरखराट निघत होता. वाटेतल्या डॉक्टरने घशात बॅटरी मारली आणि बजावलं, महिनाभर एक अक्षर बोलायचं नाही. वहिनी खरखरली, "सोमवारपासून."

मग एक गंमत झाली. गंमत म्हणू नये, पण दुसरा शब्द मला सापडत नाही. गल्लीच्या नळावर बायका पाणी भरत होत्या. वहिनी त्यांच्यासमोर उभी राहून खरखरायला लागली, आणि कोणी "माई आल्या" म्हटलं नाही. एकीने हंडा खाली ठेवला. "काय झालं बाई? कोण तुम्ही?"

"पुलावरच्या पोरीची आई."

"ती सायकली काढून देते ती?"

वहिनीने मान हलवली. नळ बंद झाला. बायका जवळ सरकल्या, कारण ऐकू येण्यासाठी तोंडाशी कान न्यावा लागत होता. तिने पुन्हा सगळं सांगितलं, तोच मजकूर, काल शंभर दारांत सांगितलेला. दोन हुकूम सांगितले. खालच्या देशातल्या शाळा सांगितल्या. कोणी मधे बोललं नाही. शेवटी ती हंडेवाली म्हणाली, "म्हणजे आम्ही अडसराला हात लावला तर ती पोरगी आमच्या आणि त्यांच्या मधे?" वहिनीला आता होसुद्धा म्हणता येत नव्हतं. बाई म्हणाली, "तुम्ही घरी जा. या गल्ल्या आम्ही बघतो." आणि हंडा तिथेच सोडून ती शेजारच्या जिन्यात शिरली. तिच्यामागून बाकीच्या गेल्या. नळावर हंड्यांची रांग तेवढी उरली.

रविवारी पलीकडच्या काठावर वाद्यं वाजली. दोन्ही देशांचे झेंडे, पुढे घोडे, मागे गाड्या, आणि गाड्यांच्या मागे आणखी गाड्या, ज्यांवर ताडपत्री होती. इकडे रस्ता रिकामा. वस्तीतली माणसं खिडक्यांत उभी होती, खाली कोणी आलं नाही. ती समजुतीची म्हातारीही खिडकीत दिसली. माईने बोलावलं होतं, पण खालच्या दरवाजाला सुनेने कुलूप लावून ठेवलं होतं. अडसरामागे फौजदार आणि तिची पोरं. लोकांनीच बोलावलं असं त्यांना दाखवायचं होतं, आणि स्वागताला माणूस नाही म्हटल्यावर कॅमेरेवाल्यांना काय चित्र काढावं ते कळेना. संचलन बराच वेळ उभं राहिलं, मग काठाकाठाने वळून निघून गेलं. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडला, असं पलीकडच्या बातम्यांनी सांगितलं. आम्ही पहिल्यापासून ठाम होतो, असं आमच्या सरकारने सांगितलं.

मी यात फार मोठं काही झालं असं म्हणत नाही. करार आहे तसाच आहे. ताडपत्रीवाल्या गाड्या पलीकडच्या काठावर मुक्काम ठोकून आहेत, धुतलेले कपडे वाळत घालतात, इकडून दिसतात. मालिकाही चालू आहे. पलीकडच्यांनी दुसरी बाई शोधली, वस्ती रोज बघते, वहिनीही बघते. मी टीव्ही बंद करायला उठलो तर ती हाताने खूण करते, राहू द्या. मी आता बिघडलेले लाउडस्पीकर दुरुस्त करतो.

डॉक्टरचा महिना संपला, दुसराही संपला. आवाज परत आला नाही. डॉक्टर म्हणाला, जखम भरली, पण आवाज आता हाच. वहिनीने ते ऐकून घेतलं आणि जाताना त्यालाच खरखरत विचारलं, "तुमच्या घरचे कसे आहेत?" भाजीवाल्या आता तिच्याशीही हुज्जत घालतात.

पुलावरच्या पोरांचे फोन त्यांना बऱ्याच उशिरा परत मिळाले. त्या दिवशी आम्ही तिघं घरातच होतो. फोन वाजला, नाव बघून वहिनीने झडप घातली, दादाने सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"बोल," वहिनी म्हणाली.

तिकडून पोरगी म्हणाली, "हॅलो, कोण बोलतंय? जरा आईला द्या ना."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"मीच आहे गं," वहिनी म्हणाली.

तिकडून नुसता पुलावरचा वारा. वहिनी फोन दोन्ही हातांत धरून बसली होती. मग तिने विचारलं, "जेवलीस का?"

तेव्हा कुठे पोरगी म्हणाली, "आई."