चार बोटांचा उंचवटा

"परेरा, साइन करो. क्लायंट वेट कर रहा है," नायरसाहेब म्हणाले.

२००४ साल. आमचं ऑफिस दोह्यात, अल सद्दला. इराकमधला एक पोलादी रेल्वे पूल युद्धात बॉम्ब पडून मोडला होता. तो पुन्हा उभारण्याचा रिपोर्ट आमच्याकडे होता. दोन स्पॅन नदीत गेले होते. स्पॅन म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा तुकडा. तिसरा जागेवर होता. तो तसाच वापरायचा, असं मॅनेजर म्हणून नायरसाहेबांनी ठरवून टाकलं होतं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून स्वारी खुशीत होती. 'चेक्ड बाय'खाली मात्र सही माझी. उद्या गाडी नदीत गेली असती, तरी सही कागदावरच राहिली असती.

"देखो, एकदम स्ट्रेट," त्यांनी सर्व्हेची शीट पुढे केली.

तेच मला खटकलं. गल्फमध्ये येण्याआधी मी रेल्वेत पूल तपासायचो. असा स्पॅन बांधताना मधोमध किंचित वर उचललेला ठेवतात. तो कॅम्बर. दरवर्षी तार ताणून आम्ही तो मोजायचो, रजिस्टरात लिहायचो. स्पॅन सपाट झाला म्हणजे पोलाद ताणलं गेलं. ते पुन्हा मागे येत नाही.

पण हा मुळातच सपाट बांधला असेल तर? तिथलं रजिस्टर जळालं होतं. विचारायला एकच माणूस होता. आमच्या ऑफिसात फाइली सांभाळणारे इराकी अबू समीर तो पूल बांधताना तिथे ज्युनिअर इंजिनिअर होते. तिसरा स्पॅन त्यांनीच चढवून घेतला होता. "माझा तेवढा राहिला," हे ते रोज चहाला सांगायचे. त्यांना विचारणं माझ्या जिवावर आलं. विचारलं.

"कॅम्बर ठेवला होता?"

"म्हणजे काय? मी स्वतः मोजला. मधोमध चार बोटं." त्यांनी बोटं आडवी धरून दाखवली.

मी शीट दिली. त्यांनी चष्मा लावला. मधला आकडा शून्य होता. बोटं हळूहळू मिटली.

"खलास," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

रिपोर्टच्या पहिल्या पानावरचा पुलाचा इतिहास त्यांनीच लिहिला होता. शेवटची ओळ त्यांनी बदलली: तिन्ही स्पॅन युद्धात गेले.

"तीसरा तो खडा है," नायरसाहेब तणतणले.

"उभा आहे," अबू समीर इंग्रजीत म्हणाले. "पण गेलाय."

मी सही अडवून मागितलेल्या फेरतपासणीत खालचं पोलाद ताणलेलं निघालं. क्लायंटने तीन नवे स्पॅन मान्य केले. मग मी सही केली.

तेव्हापासून कुणी 'एकदम सरळ आहे' म्हणालं, की मी आधी जुनी नोंद मागतो.