ऑर्फा आत्याचा पाहुणा

माझी ऑर्फा आत्या शाळेची बस चालवायची. अमेरिकेतल्या आमच्या मिझुरीच्या डोंगरातली निम्मी तरणीताठी माणसं तिच्याच बसमधून शाळेत गेलीत. आरशातून तिने नुसते डोळे वटारले की मागच्या बाकावरची हाणामारी कशी थांबायची, ते अजून सगळ्यांना आठवतं. उंच, हाडापेराने मजबूत आणि बोलायला कमी. तिचा नवरा हॉलिस स्टीगल अगदी उलटा. तो लाकडाच्या गिरणीत कामाला होता आणि एकदा बोलायला लागला की त्याला थांबवायला आत्याच लागायची.

हॉलिसकाकाचं वर्ष एप्रिलपासून सुरू व्हायचं. एप्रिलमध्ये आमच्याकडे टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम उघडतो. उजाडायच्या आधी रानात झाडाला पाठ टेकून बसायचं, देवदाराच्या लहानशा पेटीवर लाकडाची पट्टी घासून टर्कीच्या मादीचा आवाज काढायचा, आणि नर पिसारा फुलवून समोर येईपर्यंत पापणीसुद्धा हलवायची नाही. एवढंच काम, पण ते काकासारखं कुणाला जमायचं नाही. त्याच्या घरामागे कुरणाची एक चिंचोळी पट्टी होती, तिच्या पलीकडे कुंपण आणि कुंपणापलीकडे काउफमनबाईंची टेकडी. सगळे नर रात्री त्या टेकडीवरच्या ओकांवर बसायचे. टेकडी बाईंची, पण तिथली कुंपणं काका दुरुस्त करायचा, पडलेली झाडं काका कापायचा, आणि शिकारही तोच करायचा. त्याला कधी कागद लागला नाही.

काकाचा शिकारीतला जुना मित्र डॉर्सी प्रुइट अलाबामाचा. तिकडचा हंगाम मार्चमध्येच उघडतो, म्हणून काका आधी त्याच्याकडे जायचा आणि एप्रिलमध्ये तो आमच्याकडे यायचा. वर्षानुवर्षांचं जाणं-येणं होतं. डॉर्सी कधी रिकाम्या हाताने आला नाही. उसाच्या काकवीचा डबा आणि अक्रोडासारख्या पिकॅनची पिशवी घेऊन दारातूनच ओरडायचा, "वहिनी, भट्टी तापली का? पोटात कावळे कोकलतायत!" आत्या गरम मऊ बिस्किटं, सॉसेजची दाट ग्रेव्ही आणि तळलेली अंडी पुढे करायची आणि म्हणायची, "भावजी, आधी बूट काढा. चिखल अलाबामाला परत न्यायचाय का?"

शिकारी लोकांत पाहुणचाराच्या रीती कुणी शिकवत नाही, पण त्या मोडलेल्या चालत नाहीत. यजमानाने पहिली संधी पाहुण्याला द्यायची. पाहुण्याने फाटक जसं होतं तसं लावायचं. दुसरा ज्या नराशी बोलतोय त्याला मध्येच साद घालायची नाही. आणि सगळ्यात मोठी रीत म्हणजे पाहुण्याला जी जागा दाखवली, तिथे त्याने यजमानाशिवाय पुन्हा पाऊल टाकायचं नाही. काकाने डॉर्सीला ती टेकडी झाड न झाड दाखवली होती.

मग एका हिवाळ्यात गिरणीत काम करता करता काका कोसळला. पक्षाघाताचा झटका मोठा होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. एवढा बडबड्या माणूस, त्याच्या तोंडात एकच शब्द उरला, "नाही." पाणी हवं असलं तरी नाही, नको असलं तरी नाही. डोळ्यांवरून ओळखायचं.

डॉर्सीचा फोन आला. तो फोनवर लहान मुलासारखा रडला. म्हणाला, "वहिनी, एप्रिलमध्ये मी येतो. त्याच्याजवळ बसतो."

आत्याने एप्रिलमध्ये पाहुण्यांच्या खोलीतला पलंग आवरून ठेवला, ॲपल पाय भाजला. डॉर्सी आला नाही. हंगाम उघडला त्या सकाळी मी तिच्या स्वयंपाकघरात होते. टेकडीवरून बंदुकीचा आवाज आला. काकाने चाकांच्या खुर्चीत मान ताठ केली.

"कोणीतरी चोरटा आहे," आत्या म्हणाली. "चल गं."

टेकडीच्या फाटकाला नवंकोरं कुलूप होतं. आमच्याकडे 'आत येऊ नका' हे सांगायला झाडांवर जांभळा रंग मारतात, तसे ताजे पट्टे ओकांच्या बुंध्यांवर ओळीने मारले होते. आत अलाबामाच्या नंबरप्लेटचा ट्रक उभा होता, आणि ट्रकच्या मागच्या फळीवर मोठा थोरला नर पंख पसरून पडला होता. डॉर्सी दोन अनोळखी माणसांबरोबर कॉफी पीत होता.

आत्याला पाहून तो चालत फाटकापाशी आला. फाटक उघडलं मात्र नाही.

"वहिनी, मी तुमच्याकडे येणारच होतो. काउफमनबाईंचा कारभार आता पुतण्या बघतो, तो टेकडी कुणाला तरी भाड्याने देणारच होता. परक्यापेक्षा मी बरा ना?"

"आणि हॉलिस?"

"हॉलिस आता कुठे शिकार करणार आहे, वहिनी?" तो अगदी मायेने म्हणाला. "थांबा, या नराच्या छातीचं मांस देतो. त्याला सूप करून घाला."

आत्याने ती पिशवी घेतली. मला वाटलं, आता तोंडावर फेकेल. तिने फेकली नाही. घरी येऊन शेजाऱ्याच्या कुत्र्यांपुढे टाकली आणि कुत्री ते मांस संपवेपर्यंत तिथेच उभी राहून बघत राहिली. मग आत जाऊन काकापुढे बसली आणि एक शब्दही न वगळता सगळं सांगितलं. काकाने डावा हात लांब करून कपाटातल्या देवदाराच्या पेटीकडे बोट दाखवलं.

त्या उन्हाळ्यापासून आत्याचं शिक्षण सुरू झालं. काका पेटी गुडघ्यांत धरून डाव्या हाताने वाजवायचा. हळूहळू त्याला ते जमलं, आणि काय जमलं! जिभेतलं गेलेलं सगळं त्या हातात उतरलं होतं. आत्या दगडी पाटीच्या गोल तुकड्यावर काडी घासून त्याची नक्कल करायची. चुकलं की काका खुर्चीच्या हातावर मूठ आपटायचा, "नाही!" बरोबर आलं की गप्प बसायचा. शेवटचं पोर उतरलं की रिकाम्या बसमध्ये ती सराव करायची. रस्त्याच्या कडेला बस उभी आणि आतून टर्कीचा आवाज येतोय, हे अख्ख्या गावाने ऐकलं. कुणी हसलं नाही. कशासाठी चाललंय ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"आत्या, एवढं करून काय होणार?" मी एकदा विचारलं.

"त्याने रीत मोडली ना? मग मीही मोडणार. पण माझ्या कुंपणाच्या आत बसून."

पुढच्या एप्रिलमध्ये डॉर्सी पाच-सहा जणांना घेऊन आला. त्याच्या गावातली मोठी मंडळी होती, त्यांच्यापुढे त्याला मिरवायचं होतं. पहिल्या पहाटे मी आणि आत्याने काकाला खुर्चीसकट कुरणाच्या कडेला नेलं, तपकिरी गोधडीत गुंडाळलं आणि समोर देवदाराच्या फांद्या रोवल्या. आत्याच्या मांडीवर बंदूक होती, खिशात परवाना होता.

उजाडता उजाडता टेकडीवर नर गरजला. डॉर्सीने साद घातली, चांगली घातली. नराने उत्तर दिलं. तेवढ्यात काकाने पट्टी ओढली, अगदी हळू, झोपेतून नुकतीच जागी झाल्यासारखी मादी. आत्याने पाटीवरून दुसरी मादी उठवली. पहिली चिडली, दुसरीने तिला उलट उत्तर दिलं. वर ओकांवर एकदम कल्लोळ झाला आणि तीन नर पंख फडफडवत डॉर्सीच्या डोक्यावरून थेट आमच्या कुरणात उतरले.

आत्याने बंदूक उचललीच नाही. नर पिसारे फुलवून उघड्या कुरणात गोल गोल फिरत राहिले आणि कुंपणापलीकडे जांभळ्या पट्ट्यांच्या झाडांमागे अलाबामाची सगळी मंडळी बघत बसली. आमच्याकडे दुपारी एकला शिकार बंद होते. तोवर आत्या आणि काकाने त्या नरांना हलू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

डॉर्सीने तक्रार केली. शिकार खात्याचा माणूस आला, तोही लहानपणी आत्याच्याच बसमधला.

"मिसेस स्टीगल, परवाना?"

तिने दाखवला.

"जमीन तुमचीच?"

"तुला माहीत नाही?"

"माहीत आहे हो, विचारावं लागतं. पण मग गोळी का झाडत नाही?"

"अजून मनासारखा नर आला नाही."

त्याने टोपी खाली ओढली, हसू दाबलं आणि निघून गेला. त्याच दिवशी डॉर्सीचा ट्रक ओढ्यात रुतला. आमच्याकडे रुतलेली गाडी दिसली की न विचारता साखळी लावतात, मग ती कुणाचीही असो. त्या दिवशी एकामागून एक गाड्या गेल्या. प्रत्येकाने खिडकीतून हात बाहेर काढून आदबीने नमस्कार केला आणि गाडी पुढे घेतली.

मग घडलं ते आम्हीही योजलं नव्हतं. दुपारी डॉर्सीच्या मंडळींमधला एक म्हातारा, यारब्रो नावाचा, एकटाच रस्त्याने चालत आला आणि पायरीखाली टोपी काढून उभा राहिला.

"बाई, वर येऊ का?"

"या."

"माझं आयुष्य टर्कीच्या मागे गेलं. असा आवाज ऐकला नाही. कुणाचा आहे तेवढं विचारायला आलो."

आत्याने पडवीत बसलेल्या काकाकडे हात केला. "माझा नवरा. हॉलिस स्टीगल."

म्हातारा पायरीवरच थांबला. "हॉलिस स्टीगल? डॉर्सी तर म्हणाला ते वारले. म्हणाला, त्यांच्या बायकोने आशीर्वाद देऊन टेकडी आपल्या हवाली केली."

आत्याने त्याला खुर्ची दिली, कॉफी दिली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. माझ्या आत्याला एवढं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. ती ते शांतपणे, चवीने सांगत होती. म्हाताऱ्याने कॉफी संपवली, काकाचा डावा हात दोन्ही हातांत धरला आणि टेकडीवर परत गेला. संध्याकाळच्या आत डॉर्सी सोडून सगळे सामान बांधून निघून गेले.

शिकाऱ्यांचं जग लहान असतं. अलाबामात डॉर्सी ज्या ज्या दाराशी जाई, तिथे त्याच्याआधी ही गोष्ट पोचलेली असे. जित्या मित्राला मेला म्हणणारा माणूस! त्याच्या स्वतःच्या गावात त्याला कुणी रानात नेईना, कुणी त्याच्या अंगणात येईना. वाळीतच पडला म्हणा ना. आत्याला यारब्रोची पत्रं यायची. ती पत्रं ती काकाला मोठ्याने वाचून दाखवायची आणि डॉर्सीचं नाव आलं की ते वाक्य पुन्हा वाचायची.

त्यानंतरच्या वसंतात डॉर्सी दारात आला. केस पिकले होते, हातात काकवीचा डबा होता.

"वहिनी, पुरे आता. टेकडी सोडतो मी. घ्या तुम्ही."

"वहिनी कुणाला म्हणता, प्रुइटसाहेब?" जाळीचं दार न उघडताच ती म्हणाली. "पाहुणे म्हणून आलात की भाडेकरू म्हणून?"

"चुकलो म्हणायला आलोय. हॉलिसने मला माफ केलं असतं."

"केलं असतं म्हणजे? तो जिवंत आहे. विचारा त्याला."

काका खुर्ची रेटत दारापाशी आला. डॉर्सी गुडघ्यांवर बसला, जाळीला तोंड लावून काहीबाही बोलला, रडला. काकाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"नाही," काका म्हणाला.

डॉर्सी माझ्याकडे वळला. "तो एकच शब्द बोलतो, हो ना? त्याला दुसरं काही म्हणायचं असेल..."

काकाचे डोळे मला दिसत होते. त्या दिवशी त्या शब्दाचा अर्थ शब्दाएवढाच होता. डॉर्सीने डबा पायरीवर ठेवला. आत्याने दार उघडलं, डबा उचलून त्याच्या ट्रकमध्ये नेऊन ठेवला आणि परत येऊन दाराची कडी घातली.

टेकडीचं भाडं त्याने सोडलं. काउफमनबाईंच्या पुतण्याने फाटकाची किल्ली मुकाट्याने आत्याकडे आणून दिली. काकाला आम्ही आणखी दोन वसंत टेकडीवर नेलं. मग एका शरदात तो झोपेतच गेला.

दफनाला अख्खा गाव आला. यारब्रो काठी टेकत अलाबामाहून आला. आणि चर्चच्या कुंपणाबाहेर रस्त्यापलीकडे डॉर्सी टोपी हातात घेऊन उभा होता. आत्याने पाहिलं. हाकलून काढलं नाही, बोलावलंही नाही. नंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण मांडलं, तेव्हा तिने खड्डा खणणाऱ्यांना स्वतः वाढलं. फुलं आणणाऱ्या परगावच्या ड्रायव्हरला हात धरून आत आणलं, त्याने दोनदा चिकन घेतलं की नाही ते पाहिलं. हॉलची खिडकी रस्त्याकडे होती. ती तिथूनच वाढत होती. डॉर्सी जेवणं उरकेपर्यंत उभा राहिला, मग गाडीत बसून गेला. अलाबामापर्यंतचा रस्ता दिवसभराचा आहे.

संध्याकाळी आम्ही दोघी बश्या धूत होतो. माझ्याने राहवलं नाही.

"आत्या, त्याला एक बशी वाढली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"तो जेवला असता," आत्या म्हणाली, आणि पुसायचं फडकं माझ्या हातात दिलं.