सम तारखेला आडवी येणारी स्कूटर

अकोल्यातल्या आमच्या गल्लीत पार्किंग सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण व्यापारी मंडळींच्या मते बाईमाणसाशी कोणी हुज्जत घालत नाही. हे ज्यानं ठरवलं त्यानं जन्मात कधी बायकांना ब्लाउजपीसला अस्तर जुळवून दिलेलं नाही. माझं मॅचिंग सेंटर आहे, खाली दुकान अन् वर घर. हुज्जत मी सकाळी दहापासूनच ऐकत असते.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, त्यातली गत. घरचं म्हणजे आमच्या ह्यांना लकवा मारला होता. डावी बाजू गेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, पहिल्या काही महिन्यांत जे काय चालतील तेच पुढं कामी येईल, व्यायाम चुकवू नका. आठवड्यातून तीनदा त्यांना व्यायामाला दवाखान्यात न्यायचं, अन् त्यासाठी ऑटो दाराशी लागायला पाहिजे. गल्लीत गाड्या अशा लागायच्या की ऑटो तर सोडाच, म्हैस शिरली तरी तिला मागं पाऊल घ्यावं लागेल. म्हणून मी हो म्हटलं. समाजसेवा वगैरे काही नाही, मला माझा नवरा चालायला पाहिजे होता.

नियम साधा होता. सम तारखेला गाड्या समोरच्या बाजूला, विषम तारखेला आमच्या बाजूला. दर सोमवारी फक्कीनं पांढरी रेघ मारायची. हँडल लॉक करायचं नाही, म्हणजे कुणालाही गाडी सरकवता येते. हे सगळं मी खडूनं फळीवर लिहून दुकानाबाहेर टांगलं, अन् लोकांनी त्या फळीला पिशव्या अडकवल्या.

एकदा अचलपूरहून आलेले एक गृहस्थ सम तारखेला आमच्या बाजूला गाडी लावून निघाले. मी हटकलं तर म्हणतात, "बाई, मले तारीख नाई माईत. आज एकादशी हाये, एवढं माईत हाये. एकादशी म्हंजे अकरा. अकरा विषम हाये का नाई?" आता ह्याला काय सांगावं? गाडी शेवटी मीच ओढून पलीकडं नेली.

त्यात एकतीस तारीख. एकतीसही विषम अन् दुसऱ्या दिवशीची एक तारीखही विषम, म्हणजे लागोपाठ दोन दिवस गाड्या आमच्याच बाजूला. आमच्या बाजूचे दुकानदार माझ्यावर धावून आले, जशी कॅलेंडरं मीच छापते. मंडळींनी बैठक घेऊन ठराव केला की आपल्या गल्लीत एकतीस तारीख सम धरावी. बाहेरच्या गिऱ्हाइकाला हे कसं कळणार, असं मी विचारलं तर म्हणाले, "तुमी सांगा ना." उंटावरून शेळ्या हाकायला ह्यांचं काय जातं?

एवढं करूनही सम तारखेला ऑटो आत येईना. समोर गाड्यांची ओळ, अन् इकडं आमच्या दाराशी एकच स्कूटर आडवी. ऑटोवाला नाक्यावरच थांबायचा. तिथवर ह्यांना धरून धरून न्यायचं म्हणजे अर्धा तास, अन् तोवर दवाखान्यातला नंबर जायचा. दोनदा तर आम्ही नाक्यावरूनच परत आलो. ती स्कूटर ह्यांचीच होती. पंचवीस वर्षं तिच्यावर कापडाचे गठ्ठे बांधून हे तेल्हाऱ्यापर्यंतच्या दुकानांत माल पोचवायचे. लकवा मारल्यापासून ती तिथंच उभी, हँडल लॉक. किल्ली ह्यांच्या उशीखाली. मला कोण जाब विचारणार? मी गल्लीभर शिट्टी वाजवत फिरत होते.

शेवटी समोरच्या भांड्यांच्या दुकानातले म्हातारे शेठ आले. "वहिनी, राग नका मानू. लोकं म्हनून राहिले, बाईच्या घरची गाडी काहून हालत नाई?"

राग आला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं तोंडावर म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण खरा राग मला आमच्या ह्यांचा आला. पुन्हा गाडी चालवायच्या आशेवर माणूस जगतोय, म्हणून मी सहा महिने तिचं नाव काढलं नव्हतं. आता ह्यांचं मन मोडायचं तेही मीच. जिना चढता चढता मी चार वाक्यं जुळवली, अन् वर गेल्यावर त्यातलं एकही आठवेना.

"अहो, ती गाडी..." एवढंच म्हटलं.

ह्यांनी उजव्या हातानं उशी चाचपली, किल्ली काढली अन् माझ्यापुढं धरली. लकव्यानं जीभ जड झालेली, शब्द एकेक करून यायचा. "इकून टाक तिले. माह्यानं आता ते होत नाई, मले का समजत नाई काय?"

मी भडकले. "मंग सहा महिने तोंडात मूग धरून बसले होते का? माह्या दोन खेपा वाया गेल्या ना! काहून नाई बोलले?"

हे खिडकीकडं बघत म्हणाले, "तू रोज सकायी फडकं घेऊन तिले पुसतं. वरून दिसते मले."

मी किल्ली घेऊन खाली आले.

दोन दिवसांनी गाडी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटो थेट दाराशी आला, हे चार पावलं टाकून आत बसले, मागून मीही बसले. रिकाम्या जागेकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ऑटो वळेपर्यंत एका माणसानं तिथं आपली मोटरसायकल आणून उभी केली. मी ऑटोतून उतरले अन् त्याला इतकं बोलले, इतकं बोलले, की दुकानांतून लोक बाहेर आले. तो बिचारा गाडी काढून गेला.

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. तारीख विषम होती, बाजू आमची होती, अन् हँडलही त्यानं लॉक केलं नव्हतं.