अमृतरावांनी मागितलेली नोंद

अहमदपूरच्या बसस्थानकामागे जमिनीच्या खाजगी मोजणीचं एक ऑफिस आहे. तिथं अमृतराव अठ्ठावीस वर्षं रेकॉर्ड सांभाळतात. अंगानं काटक, चाल सावकाश, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि नजर अशी की समोरच्यानं खिशात हात घातला तरी त्यांना वाटावं, हा आपलाच कागद लपवतोय. कपाटाला कुलूप लावून ते चार पावलं जात, परत येत आणि कुलूप ओढून बघत. फायलीच्या दोरीला स्वतःचा एक वळसा जास्त घालत. तो सुटलेला दिसला की दिवसभर कुणाशी धड बोलत नसत.

माणूस वाईट नव्हे. बांध हातभर सरकला तर सख्ख्या भावांची डोकी फुटतात, हे त्यांनी पाहिलेलं. शेतातला बांध नांगरानं खाता येतो, कागदावरचा मात्र आपल्या राखणीत आहे, असा त्यांचा अभिमान होता.

गेल्या वर्षी ऑफिसचे मालक उमाशंकर यांनी सगळे तक्ते आणि नकाशे सर्व्हरवर चढवले. सर्व्हर म्हणजे कोपऱ्यात घूं घूं करत बसलेली काळी पेटी. सगळ्यांनी आपापल्या टेबलावरून तिच्यातल्याच फायली उघडायच्या. तेवढं अमृतरावांनी सोसलं. पण आकडे भरणाऱ्या विशाखाच्या आईचं, नागुबाईचं, मांडीचं हाड मोडलं. विशाखा हदगावला गेली आणि साहेबांनी तिला तिथूनच काम करायची मुभा दिली, तेव्हा त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

लातूरहून रविकिरण नावाचा संगणकवाला आला. तो समजावू लागला, "काका, ताईंच्या लॅपटॉपपासून या पेटीपर्यंत इंटरनेटमधूनच एक बंद वाट केलीय. व्हीपीएन म्हणतात तिला. आतून काय जातंय ते बाहेरच्याला दिसत नाही."

"बंद पाईपलाईनला तोट्या बसवून पानी पळवणारी मानसं हायत आपल्याकडं. तुझी वाट काय लई शानी लागून गेली?"

"पासवर्ड लागतो, वर मोबाईलवर कोड येतो. दोन्ही असल्याशिवाय दार उघडत नाही. आणि कोण कधी आलं, कुठल्या फायलीला हात लावला, याची नोंद पेटी ठेवते."

"पेटी नोंद ठिवती. अन् पेटीवर नजर कोन ठिवतं?"

"तुम्हीच ठेवा," रविकिरण हसत म्हणाला.

त्यानं थट्टा केली. यांनी ती कामगिरीच मानली. मुलगी स्वप्नाली हिच्या लॅपटॉपवर त्यांनी तीच वाट करवून घेतली. रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा आटोपली की ते विशाखाच्या फायली उघडून बसत. काय शोधत होते, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पोरगी हुशार होती, आकड्यात चुकत नव्हती, आणि तेच त्यांना खुपत होतं. तिच्या आडनावावरून आलेला थोडा संशयही त्यात होता. तो ते स्वतःशीसुद्धा बोलत नसत.

मग एका गुरुवारी जवळच्या गावचा बसवंत हातात नकाशा घेऊन ऑफिसात शिरला.

"साहेब, माझी इहीर शेजाऱ्याच्या वावरात गेली! पाय फुटले का तिला?"

नकाशा पाहून उमाशंकरांचा चेहरा उतरला. त्या गावात बुधवारी ज्यांना ज्यांना नकाशे दिले होते, त्या प्रत्येकाच्या शेताला शेजारच्या शेताची मापं लागली होती. बसवंत आणि त्याचा शेजारी सकाळीच बांधावर एकमेकांच्या अंगावर गेले होते.

"ह्ये आकडे कुनी भरले?" बसवंतनं विचारलं.

"हदगावच्या पोरीनं," अमृतराव पटकन म्हणाले. "घरी बसून काम करती ती. मी पहिल्यापासून सांगत व्हतो."

उमाशंकरांनी बसवंतसमोरच विशाखाला फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"सर, मी तो तक्ता शनिवारी पूर्ण केला आणि तपासला. त्यानंतर उघडलेला नाही. सोमवार-मंगळवार मी आईला घेऊन नांदेडला दवाखान्यात होते."

"मग काय भुतानं केलं का?" अमृतराव बाजूनं ओरडले.

"काका, नोंद काढा ना. मी तरी दुसरं काय सांगू?"

"काढूच की! दूध का दूध, पानी का पानी होऊ दे!"

उमाशंकर म्हणाले, "विशाखा, नोंद येईपर्यंत तुझं खातं बंद ठेवतो. चूक तुझी निघाली तर उद्यापासून दुसरं काम बघ."

पलीकडून नागुबाईचं कण्हणं ऐकू आलं आणि फोन ठेवला गेला.

दुसऱ्या दिवशी रविकिरण आला. त्यानं नोंद छापून काढली आणि वाचता वाचता थांबला.

"शनिवारनंतर तक्ता एकदाच बदललाय. मंगळवारी सकाळी सात चाळीसला, बाहेरून. खातं अमृतरावांचं."

"माझा पासवर्ड चोरला!" अमृतराव उठलेच. "तिनंच चोरला!"

"असेल. पण कोड तुमच्या मोबाईलवर गेला होता. मोबाईल कुठं होता तुमचा?"

अमृतरावांनी खिसा चाचपला. तो मोबाईल त्यांनी बायकोच्याही हाती कधी दिला नव्हता.

"बदललं तरी काय?" उमाशंकरांनी विचारलं.

रविकिरणनं तक्ता उघडला. आकड्यांना कुणी हात लावला नव्हता. फक्त सगळ्यांच्या वर एक नवी ओळ होती, आणि तिच्यात लिहिलं होतं: श्री.

आमच्याकडं मोकळ्या माथ्याचा कागद कुणी पुढं करत नाही. लग्नाची यादी असो की किराण्याची, आधी वर श्री. मंगळवारी अमृतरावांना तो तक्ता बोडका दिसला. हात सवयीनं वर गेला. तिथं जागा नव्हती, म्हणून त्यांनी एक ओळ घालून जागा केली. नकाशा काढणारा प्रोग्राम मात्र ओळी मोजून आकडे उचलतो. पहिल्या शेताच्या वाट्याला श्री आलं. ते गायरान होतं, त्याचा नकाशा कुणी मागितलाच नव्हता. पुढच्या प्रत्येक शेताला त्याच्या आधीच्या शेताची मापं लागली.

अमृतरावांनी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "मीच," ते म्हणाले.

उमाशंकर समजुतीनं म्हणाले, "असू द्या. मशीनची चूक म्हणून सांगू. विशाखाचं खातं उघडतो."

पण फोनवर विशाखा म्हणाली, "खातं उघडलंत, बरं झालं सर. पण गावात आता 'हदगावच्या पोरीनं केलं' असं झालंय. मशीनचं नाव घेतलंत तरी लोक मलाच धरतील. काका, तुम्ही बोललात. तुम्हीच तिथं जाऊन सांगा."

अमृतराव एसटीनं गेले. पारावर बसवंत होता, शेजारी होता, आणखी पाच-सहा जण होते. दुरुस्त नकाशे त्यांनी वाटले आणि उभ्यानं सांगितलं, "पोरीनं काय बी केलं न्हाई. चूक माझी."

बसवंतनं डोळे बारीक केले. "अठ्ठावीस वर्सांत तुमची चूक झाली न्हाई, ती आत्ताच कशी झाली? साहेबानं पाठवलं वाटतं, तिला वाचवायला?"

त्यांनी नोंदीचा कागद दाखवला.

"ह्यो तर कंप्युटरचा कागद. तिनंच काढला नसंल कशावरून?"

हे प्रश्न अमृतरावांच्या ओळखीचे होते. आजवर ते फक्त त्यांच्याच तोंडून निघाले होते.

मोजणीच्या कामात पंचांच्या सहीशिवाय कागदाला किंमत नसते. त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला आणि गुडघ्यावर धरून आपल्या चुकीचा पंचनामा लिहिला: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या तक्त्यात, कोणाच्या हातून. खाली स्वतःची सही केली आणि कागद बसवंतपुढं धरला.

"पंच म्हनून सही कर."

बसवंतनं तो दोनदा वाचला. स्वतःच्या हातानं स्वतःवर असं लिहिणारा माणूस त्यानं पाहिला नव्हता. त्यानं सही केली. शेजाऱ्यानं त्याच्याकडं न बघता त्याखाली केली.

तिथूनच अमृतरावांनी फोटो काढून विशाखाला पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"काका, मिळाला. सर्व्हरवर कुठं ठेवू हा? तुमच्या फोल्डरमध्ये, म्हणजे फक्त तुम्हाला दिसेल?"

अमृतरावांनी मान वर केली. पारावरचे सगळे ऐकत होते.

"न्हाई," ते म्हणाले. "सगळ्यांच्या फोल्डरात ठिव."