चुलीपुढची चप्पल

चंद्रव्वाचा पाय भाजला तेव्हा तिला वास आला, पण दुखलं मात्र काहीच नाही. तिला वाटलं, भाकरी करपली. चुलीच्या कडेनं निखाऱ्यांच्या आराला उभ्या करून ठेवलेल्या भाकऱ्या तिनं एकेक उलटून पाहिल्या. सगळ्या शहाण्यासारख्या वाळत होत्या. मग शेजारणीच्या नावानं बोटं मोडून, "काय जाळतीया कुणास ठाऊक," म्हणत तिनं पुढचा उंडा थापायला घेतला. संध्याकाळी हातपाय धुताना उजव्या पायाच्या करंगळीखालची कातडी लोंबताना दिसली, तेव्हा कुठं उलगडा झाला की जळत होतं ते शेजारणीचं काही नव्हे, आपलाच पाय होता.

सोलापुरात कडक भाकरी कोण खात नाही? पण ती करायची म्हणजे काय, हे खाणाऱ्याला विचारू नये. ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात मळायचं, पापडाला लाज वाटेल इतकी पातळ भाकरी थापायची, तव्यावर भाजायची आणि मग आरापाशी उभी करून तिच्यातलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत घालवायचं. बाळीवेस भागातल्या एका बोळात चंद्रव्वा हेच तीस वर्षं करत होती. बसायची पद्धतही तीच, सासूनं शिकवलेली: डावा पाय मोडून, उजवा चुलीच्या कडेनं लांब सोडून. पहिली काही वर्षं त्या पायाला चटके बसत. मग बसेनासे झाले.

आता इथंच घोडं पेंड खातं. बोळातल्या बायकांत चटका न बसणं ही शोभा होती. ज्या बाईचा हात तव्याला बिचकत नाही आणि पाय आराला बिचकत नाही, ती खरी भाकरीवाली. गेली दोन वर्षं चंद्रव्वा येईल त्याला सांगायची, "माजा पाय आता चुलीचा झालाय. इस्तू पडला तरी कळत न्हाय." आणि तिची थोरली जाऊ गुरम्मा, जिच्या शब्दाबाहेर बोळातलं कुणी जात नव्हतं, तिची फुशारकी याच्या वरताण. संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, अडुसष्ट लिंगांचं दर्शन ती अनवाणी करायची आणि म्हणायची, "एक खडा टोचला असंल तर शपत. सिद्धरामाची कृपा." दोघींनाही साखर होती. चंद्रव्वाला नऊ वर्षं, गुरम्माला त्याहून जास्त. पण साखर रक्तात असते आणि पाय जमिनीवर, या दोघांची गाठ पडते असं कुणाच्या डोक्यात येणार?

चंद्रव्वाच्या तरी यायला हवं होतं. तिचा नवरा गुरुबसप्पा साखरेचाच रोगी. त्यानं पायाचं कुरूप दाढीच्या ब्लेडनं कापलं, ते चिघळलं, आधी अंगठा गेला, मग गुडघ्याखालचा पाय, आणि वर्षाच्या आत माणूस. सगळे म्हणाले ब्लेड गंजकं होतं. ब्लेडला बोल लावून सगळे मोकळे झाले.

म्हणून चंद्रव्वा घाबरली. घाबरलं की माणूस शहाणं होतं असं नाही, उलटंच होतं. तिनं कुणाला सांगितलं नाही. देव्हाऱ्यातली विभूती घेतली आणि जखमेत भरली. चार दिवस सकाळसंध्याकाळ विभूती भरली आणि भाकऱ्याही केल्या. दुखत नव्हतं, म्हणजे बरं होत असणार, असा तिचा हिशेब.

रविवारी मुलगा आला. शिवू जुळे सोलापूर भागात फ्लॅटमध्ये राहायचा, एका ऑफिसात कारकून होता. दारातून आत येताना त्याला शहाबादी फरशीवर पिवळसर ओले ठसे दिसले, मोरीपासून चुलीपर्यंत. एकाच पायाचे. त्यानं आईचा पाय हातात घेतला आणि तसाच तिला गाडीवर बसवून निघाला.

डॉक्टरबाई महेश्वरी वयानं लहान, पण नजरेनं मोठी. तिनं जखम साफ केली. पांढरी राख निघता निघेना. "हे काय लावलंय, आजी?"

"इभूत."

"विभूती कपाळाला लावायची. पायाला मी देईन ते." मग तिनं चंद्रव्वाला डोळे मिटायला सांगितले आणि एक ताठ नायलॉनचा दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. दहा ठिकाणांपैकी चंद्रव्वाला तीन कळली. बाईनं सांगितलं ते असं: साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पायाच्या नसा हळूहळू मुक्या होतात. काटा बोचला, चटका बसला, फोड आला, पाय सांगतच नाही. माणूस त्याच पायावर चालत राहतं, जखम आत आत जाते. "तुमचा पाय चुलीला सरावला नाही, आजी. त्याची बोलती बंद झालीय. आता त्याच्या वतीनं तुमच्या डोळ्यांनी बोलायचं."

चंद्रव्वाला गुरुबसप्पा आठवला. म्हणजे ब्लेडचा दोष नव्हता. कापताना त्याला कळलंच नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "माजा पाय जाणार काय?"

"आज आलात, म्हणून वाचवता येईल. जखम भरेपर्यंत चुलीपुढं बसायचं नाही. आणि नंतरही अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. घरात नाही, स्वयंपाकघरात नाही."

"चुलीपुढं चप्पल घालून?" चंद्रव्वा ताडकन म्हणाली. "चूल म्हंजे देव हाय आमचा, बाई."

"मग चूल बंद," शिवूनं मध्येच तोंड घातलं. "बास झालं अव्वा. चल फ्लॅटवर. गॅस हाय, टीव्ही हाय, बसून खा."

बसून खा! तीस वर्षं बसून दुसऱ्याला खायला घालणाऱ्या बाईला असं म्हणावं? चंद्रव्वाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निदान मस्तकात तरी ती तिला कळली. "मी मेले म्हंजे बसीन," ती म्हणाली. "पायबी ठेवणार आणि चूलबी ठेवणार. बघच तू."

घरी आल्यावर तिनं माळ्यावरचं गाठोडं शिवूकडून खाली काढून घेतलं. त्यात गुरुबसप्पाच्या, पाय कापल्यावर घेतलेल्या चपला होत्या. डावी झिजून टाचेला भोक पडलेली, उजवी कोरीकरकरीत, कारण ती घालायला पायच उरला नव्हता. एवढी वर्षं तिनं त्या ना कुणाला दिल्या, ना टाकल्या. एक पाय गेलेल्या माणसाच्या चपला कुणाला देणार? बराच वेळ ती उजवी चप्पल मांडीवर घेऊन बसली आणि रडली. मग डोळे पुसून शिवूला म्हणाली, "मला मऊ तळाच्या, बोटं झाकणाऱ्या चपला आण. दोन जोड. घरातल्या घरात घालायच्या."

पुढचे दोन महिने तिनं जखम एखाद्या हट्टी सुनेसारखी सांभाळली. दिवसाआड ड्रेसिंग. गोळ्या जेवणाच्या ठरल्या वेळी. काही दिवस इंजेक्शन होतं, तेही तिनं स्वतःच्या हातानं पोटाला टोचून घेतलं, शिवूची बायको तोंड फिरवायची तेव्हा तिला हसत. रोज सकाळी पायाखाली हातआरसा धरून तळवा बघायचा, बोटांच्या बेचक्यात बघायचं. आंघोळीचं पाणी आधी कोपरानं जोखायचं. भाकरी दोन खायची ती एकीवर आली आणि ताटात भाजी वाढली. एका लग्नात गव्हाच्या गोड हुग्गीची वाटी पुढं करून कुणी म्हणालं, "एवढीशी खा की, काय होत न्हाय." चंद्रव्वानं वाटी परत सारली. "काय होतंय ते माज्या घरात एकदा होऊन गेलंय."

जखम भरली. डॉक्टरबाईनं तपासून हो म्हटल्यावर चंद्रव्वानं गवंडी बोलावला, चूल हातभर उंच ओट्यावर घेतली, समोर स्टूल ठेवलं आणि पाय व चूल यांच्यामध्ये विटांची आडवी रांग रचली. चपला साबणानं घासून वाळवल्या. त्यांना स्वयंपाकघरात वेगळा खिळा ठोकला. त्या उंबऱ्याबाहेर जायच्या नाहीत, बाहेरच्या आत यायच्या नाहीत. मग चुलीला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि म्हणाली, "आई, रागावलीस तर मला सांग, पायाला सांगू नको. त्याला ऐकू येत न्हाय." आणि चपला घालून तिनं पहिली भाकरी थापली.

भोगी आठ दिवसांवर आली होती. तीळ लावलेल्या बाजरीच्या कडक भाकऱ्या अख्ख्या बोळात तिच्याच हातच्या जायच्या. पण बातमी भाकरीआधी पोचली. चंद्रव्वा चप्पल घालून चुलीपुढं बसते! नेहमीच्या घरांनी एकेक करून निरोप पाठवले: औंदा राहू दे, औंदा पाहुण्यांकडनं आल्यात, औंदा आमी घरीच करणार. घरी करणार म्हणे! यांच्या घरच्या भाकरीनं खिळा ठोकता आला असता.

आणि मग गुरम्मा आली. इरकल लुगडं, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, मागं चार बायका. त्या दारातच थांबल्या. गुरम्मा आत आली, अर्थातच अनवाणी, आणि खाली पायांकडं बघून म्हणाली, "काढ त्या."

"न्हाय काढणार, अक्का." चंद्रव्वाचा हात थापताना थांबला नाही.

"आत्तीनं, आपल्या सासूनं, ही चूल तुज्या हाती दिली ती हे बघायला? देवाच्या भोगीची भाकरी तू जोडे घालून करणार?"

"चपला रोज साबणानं धुतीया. बोळातल्या गटाराच्या कडंनं चालत आलेला अनवाणी पाय आत चालतो, आणि धुतलेली चप्पल चालत न्हाय?"

गुरम्माशी असं कुणी बोललं नव्हतं.

"लई शिकलीस की," गुरम्मा म्हणाली. "चूल बंद कर, न्हायतर चपला काढ. दोन्हीतलं एक. न्हायतर या बोळात तुजी भाकरी कोण खाणार न्हाय, मी बघते."

चंद्रव्वानं हातातली भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले. "दोन्हीतलं एक मी आदी बघितलंय, अक्का. तुमच्या दिराचा पाय एक राहिला हुता. मी रीतीसाठी दुसरा देणार न्हाय. भाकरी कोण खाल्ली न्हाय तर मी एकटी खाईन. दिवसाला एक, जमंल तसं."

"दिराचं नाव काडू नको. त्याचं ब्लेड गंजकं हुतं. मला बघ. साखर मलाबी हाय. गड्ड्याला अडुसष्ट लिंगं अनवाणी फिरते. एक खडा टोचत न्हाय मला."

चंद्रव्वानं जावेकडं बघितलं आणि तिचा राग एकदम उतरला. त्या जागी दुसरंच काही आलं. "अक्का," ती हळू म्हणाली, "जरा स्टुलावर बसा. खडा टोचतो का न्हाय ते बघू. टोचला तर चपला काढते, चार जणींदेखत."

हे गुरम्माला पसंत पडलं. हा सूर्य हा जयद्रथ. ती ऐटीत बसली, लुगडं सावरून पाय पुढं केले आणि डोळे मिटले. चंद्रव्वा खाली बसली. चपला घासायच्या नव्या ब्रशाचा एक ताठ नायलॉनचा दोरा तिनं उपटून घेतला आणि जावेच्या हाताला टेकवला.

"कळलं?"

"कळलं की. आंधळी हाय काय मी."

"आता पायाला लावते. कळलं की व्हय म्हणा."

चुलीतलं लाकूड तडतडलं. दारातल्या बायका एकेक पाऊल पुढं सरकल्या, मग त्यातल्या एकीनं तोंडावर पदर धरला. गुरम्मा डोळे मिटून, मान ताठ करून बसली होती. थोडा वेळ गेला आणि तिची भिवई आक्रसली.

"लाव की गं आता," ती वैतागून म्हणाली. "किती येळ अशी बसू?"

"डोळे उघडा, अक्का."

गुरम्मानं डोळे उघडले. दोरा तिच्या अंगठ्याखाली टेकलेला होता, दाबून धनुष्यासारखा वाकलेला. तिनं तो बघितला, मग चंद्रव्वाकडं बघितलं. परत दोऱ्याकडं.

"ही कितवी येळ?"

"सहावी."

गुरम्मानं स्वतःच पाय हलवून बघितला, बोटं हलली. हलत होती, दिसत होती, आपलीच होती. तिचा आवाज बारीक झाला. "म्हंजे सिद्धरामाची कृपा..."

"कृपा हायच की. म्हणून पाय अजून जाग्यावर हाय. उद्या शिवू येतोय, डॉक्टरबाईकडं जाऊ. खरी परीक्षा ती घेती. माजा तर आपला ब्रश." चंद्रव्वा उठली. तिनं खिळ्यावरचा दुसरा जोड काढला, पदरानं पुसला आणि जावेच्या पायांपुढं ठेवला. "घाला. इथनं दारापतूर फरशी हाय."

गुरम्मा चुलीकडं बघत राहिली. किती वर्षं तिनं या चुलीपुढं माथा टेकला होता. तिनं दोन्ही हात जोडले, डोळे पुसले आणि एक पाय चपलेत सरकवला, मग दुसरा. उठून उभी राहिली. दारातल्या बायका तिच्या पायांकडं अशा बघत होत्या, जसं काही सिद्धेश्वराच्या तळ्याला आग लागली.

"काय बघताय गं?" गुरम्मा कडाडली. "घरी जावा आणि आपापले पाय बघा."