नानांचा अंगठा

डोक्याशी संबंधित नोकरी केली की किस्से शोधावे लागत नाहीत, माणसंच ते घेऊन येतात! नव्वदच्या दशकात मी धुळ्याला मेंदूचे डॉक्टर असलेल्या आमच्या सरांचा असिस्टंट होतो. सरांकडे एक मशीन होतं. त्याचं वेटोळं डोक्यावर धरून बटण दाबलं की चुंबकाचा झटका आत पोचायचा आणि हाताचा अंगठा आपोआप उडायचा. सुई नाही, कापाकापी नाही. हात हलवणारी मेंदूतली जागा कोणत्या लयीत चालते, हे सरांना शोधायचं होतं.

*

लय टिपायला डोक्याला तारा चिकटवाव्या लागत. आणि आमच्याकडे मोठ्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे आधी तेल! तारा घसरून कानाशी यायच्या. यावलच्या आबांना बजावलं, डोकं धुऊन या. ते धुऊन निघाले, पण धुळ्याच्या स्टँडवर उतरून पुन्हा चोपडून आले.

"एवढा मोठा डॉक्टरकडे कोरडं डोकं घीसन येऊ का?"

*

लोक घाबरत, म्हणून सर आधी स्वतःच्या डोक्यावर प्रयोग करत. त्यांचा अंगठा उडालेला पाहून आबा चक्रावले. "हात तुमना, मंग हालाडस कोन?"

"घरी बायको, इथे मशीन," सर म्हणाले.

*

भुसावळच्या एका रेल्वे ड्रायव्हरला हात सैल सोडायला सांगितलं, तर मूठ सुटेचना. सर वैतागले. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मागे अख्खी गाडी असते. सवय नाही."

*

नाना भजनी मंडळात मृदंग वाजवायचे. पॅरालिसिसमध्ये उजवा हात गेला. तो परत येईल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. अंगठा उडाला, तर मेंदूपासून हातापर्यंतची वाट शाबूत, म्हणजे आशा होती.

सरांनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. अंगठा तसाच. नानांनी मान खाली घातली. मला फार वाईट वाटलं.

सर मात्र ठाम होते. नानांना म्हणाले, मनातल्या मनात वाजवा, म्हणजे मेंदूतली ती जागा तयार राहील. त्यांच्या बायकोला, अक्कांना म्हणाले, तुम्ही भजन धरा. अक्कांनी लाजत लाजत सुरुवात केली. सरांनी बटण दाबलं आणि अंगठा उडाला! पुन्हा दाबलं, पुन्हा उडाला. ते बघून अक्कांना रडू आलं, पण त्या रडत रडत गातच राहिल्या.

सरांनी परत बटण दाबलं. अंगठा गप्प. सरांचा चेहरा उतरला. मी धावत जाऊन वायरी तपासू लागलो.

नाना अक्कांकडे बघत होते.

"मशीन बरं शे, साहेब. हिना ताल चुकी गया. मी थाप कशी मारू?"