पेटी काढली की रिकामी

माझ्या मामाला सगळे 'कानस' म्हणत, कारण तो बोलला की समोरच्याची सालं निघत. बंदुका दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. लोखंडी पकड बसवलेलं एक टेबल, वर एक दिवा आणि तेलाचा वास, बस्स. बंदूक दारातून आत आली की तो ओरडायचा, "पेटी काढ!" पेटी म्हणजे गोळ्यांचं मॅगझिन. पण त्याच्या तोंडी या दोन शब्दांत दोन कामं होती. आधी मॅगझिन बाहेर काढायचं, मग नळीच्या मागचं तोंड उघडून आत एखादी गोळी राहिलीय का ते बघायचं. दुसरं काम तो कधी बोलून दाखवत नसे. श्वास घे, असं कोणी कोणाला सांगतं का?

आमच्याकडे आजोबांच्या काळापर्यंत कमरेला बंदूक लावून कुणीही कुठेही हिंडे. मग न्यायालयाच्या आवारात बंदी आली, मग बाजारात. पुढे बसथांब्यावर धक्का लागल्याच्या भांडणात दोन माणसं मेली, तेव्हा नगरपालिकेने ठरवलं: रस्त्यावर बंदूक बाळगा, पण भरलेली नको. आता भरलेली म्हणजे काय? सभेतल्या एकाच्याही हाताला कधी बंदुकीचं तेल लागलेलं नव्हतं. म्हणून त्यांनी मामाला बोलावलं.

"पेटी काढली की रिकामी," मामा म्हणाला आणि दुकानात परत आला. कारकुनाने ऐकलं ते लिहिलं, आणि लिहिलं ते छापलं गेलं.

दोन वर्षांनी माझे बाबा न्हाव्याकडे नंबर लावून बसले होते. शेजारच्या माणसाला बसताना कमरेची बंदूक टोचत होती, म्हणून त्याने ती काढून मांडीवर ठेवली. मॅगझिन त्याच्या खिशात होतं आणि एक गोळी नळीत. बंदूक मांडीवरून घसरली, त्याने घाईघाईने पकडली. न्हाव्याने दुकानातले सगळे टॉवेल बाबांच्या गळ्याला लावले. ते पुरले नाहीत.

मृत्यू अपघाती ठरला; खटला उरला तो फक्त भरलेली बंदूक बाळगल्याचा. त्या माणसाच्या वकिलाने कायद्यातली व्याख्या मोठ्याने वाचली. कोणी बोलावलेलं नसताना मामा उभा राहिला.

"साहेब, ते वाक्य माझं आहे. पण ते अर्धंच आहे."

"कायदा छापलाय तेवढाच असतो," न्यायाधीश म्हणाले. "बसा."

तो माणूस सुटला. जाताना आईला हात जोडून गेला. ते हात मोडावेसे मला वाटले, आजही वाटतात. त्या दिवसापासून आईने मामाशी बोलणं टाकलं.

मामाला मग दोनच गोष्टी हव्या होत्या: कायद्यात उरलेलं अर्धं वाक्य आणि बहिणीचं उघडं दार. नऊ वर्षं तो नगरपालिकेच्या प्रत्येक सभेला अर्ज घेऊन गेला. "आला कानस," म्हणत लोक हसत. सालं काढणारा माणूस पुढेपुढे हात जोडून बोलायला लागला, ते मला बघवत नसे. शेवटी ओळ मंजूर झाली. वरातीमागून घोडं, पण आलं.

छापील कागद घेऊन तो थेट आमच्या दारात आला. आईने चष्मा लावला आणि वाचलं: 'आणि नळीत एकही गोळी नसावी.'

"एवढंच?" आईने विचारलं.

"एवढंच."

"हे तेव्हा म्हणायला किती वेळ लागला असता रे, दादा?"

आईने कागद नीट घडी करून त्याच्या हातात दिला आणि दार लावून घेतलं.